किनाऱ्यावर काँक्रीटला केमिकल घालताना

मे महिना लागला की कोकणात स्लॅबांची घाई उडते. मृगाच्या आत स्लॅब टाकून व्हायला हवा, चाकरमानी रजेवर आहेत तोवर काम त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं, आणि हार्डवेअरच्या दुकानात रंगीत कॅन ओळीने मांडलेले असतात. 'हे घाला, माल लवकर सेट होईल.' 'हे घाला, ताकद वाढेल.' 'हे घाला, गळती विसरा.' गावात स्वतःचं घर बांधायला निघालेला माणूस असो, की डिप्लोमा करून नुकताच साइटवर आलेला पोरगा, यातलं काय कशाला लागतं हे नीट कोणी सांगत नाही. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो, 'गोणीला एक झाकण टाका.' झाकणाच्या मापावर काँक्रीट चालत नाही. क्रमाने बघू.

सेट होणं वेगळं, ताकद वेगळी

सिमेंटवर पाणी पडलं की त्यातले घटक आपापल्या चालीने कामाला लागतात. ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट सगळ्यांत उतावळं. त्याला मोकळं सोडलं तर माल मिक्सरमध्येच आवळेल, म्हणून कारखान्यात क्लिंकरबरोबर, म्हणजे भट्टीतून निघालेल्या सिमेंटच्या खड्यांबरोबर, जिप्सम दळतात. मग तास-दोन तास शांततेचा काळ मिळतो. माल वाहणं, ओतणं, व्हायब्रेटर मारणं हे सगळं त्या काळात उरकायचं. त्यानंतर ट्रायकॅल्शियम सिलिकेट जोर धरतं आणि माल घट्ट होतो. पहिल्या महिन्यातली बहुतेक ताकद याचीच. डायकॅल्शियम सिलिकेट मागून सावकाश, महिनोन्‌महिने भर घालत राहतं.

भारतीय मानकानुसार नेहमीच्या सिमेंटचा सुरुवातीचा सेटिंग टाइम ३० मिनिटांपेक्षा कमी आणि शेवटचा ६०० मिनिटांपेक्षा जास्त असता कामा नये. ही वेळ नुसत्या सिमेंटच्या लगद्यावर, सुई टोचून, प्रयोगशाळेत मोजतात. काँक्रीटची ताकद मात्र १५० मिमीचे क्यूब २८ दिवसांनी यंत्रात दाबून ठरते. एम ३० ग्रेड म्हणजे ही ताकद प्रति चौरस मिलिमीटर ३० न्यूटन.

नवख्यांची पहिली गल्लत इथेच होते. उशिरा सेट झालेला माल कमजोर असतोच असं नाही. रिटार्डर, म्हणजे सेटिंग लांबवणारं केमिकल, प्रमाणात घातला असेल तर २८ दिवसांची ताकद साध्या मालाइतकी, कधी किंचित जास्तच भरते. उलट ॲक्सिलरेटर, म्हणजे सेटिंगची घाई करणारं केमिकल, घातलेला माल दुसऱ्या दिवशी टणक लागतो, लोक खूश होतात, आणि २८ दिवसांचा क्यूब साध्या मालापेक्षा मागे पडलेला असू शकतो.

कॅनमध्ये काय असतं

दुकानातली नावं वीस असली तरी घराणी मोजकीच आहेत.

पहिलं घराणं पाणी वाचवणाऱ्यांचं: प्लॅस्टिसायझर आणि सुपरप्लॅस्टिसायझर. सिमेंटचे कण पाण्यात गेले की एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि त्या गुठळ्यांत पाणी अडकून पडतं. हे केमिकल कणांवर बसून त्यांना वेगळं ठेवतं, अडकलेलं पाणी सुटतं, आणि कमी पाण्यात तोच माल पातळ होतो. जुना प्रकार लिग्नोसल्फोनेट. हा लाकडाच्या लगद्यातून निघतो, पाच ते दहा-बारा टक्के पाणी वाचवतो, आणि त्यात साखरेचा अंश असल्यामुळे माल थोडा उशिरा सेट करतो. त्यावरचा नॅप्थलीन प्रकार, साइटवर याला 'एसएनएफ' म्हणतात, पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे जातो. आजचा पीसीई, म्हणजे पॉलिकार्बोक्झिलेट, तीस टक्क्यांपर्यंतही पाणी कमी करतो आणि मात्रा कमी लागते. पण त्याचे नखरे आहेत, ते पुढे येतील.

दुसरं रिटार्डर, म्हणजे सेटिंग लांबवणारं: ग्लुकोनेट, काही फॉस्फेट, साखरेच्या कुळातली द्रव्यं. तिसरं ॲक्सिलरेटर. यात जुनं आणि स्वस्त म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, आणि तेच किनाऱ्यावर घातक. क्लोराइड म्हणजे मिठाचाच भाग. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये ते घालणं म्हणजे समुद्राने पंधरा-वीस वर्षांत केलं असतं ते काम आपण पहिल्याच दिवशी करून देणं. घाईच हवी असेल तर कॅल्शियम नायट्रेटसारखा क्लोराइड नसलेला प्रकार घ्या, आणि कॅनवर 'क्लोराइड-फ्री' लिहिलंय का ते स्वतः वाचा.

हवेचे बुडबुडे धरणारं एअर-एन्ट्रेनिंग केमिकलही मिळतं. पाणी गोठून काँक्रीट फुटतं अशा थंड मुलखात त्याचा उपयोग. वेंगुर्ल्यात बर्फ पडत नाही, आणि दर एक टक्का जादा हवेमागे साधारण पाच टक्के ताकद जाते, तेव्हा ते कॅन दुकानातच राहू द्या.

वॉटरप्रूफिंगचं द्रव्य, ज्याच्यासाठी आयएस २६४५ हे वेगळं मानक आहे, ते मालात पाणी शोषलं जाणं कमी करतं. ते घातलं म्हणून पाणी जास्त ओतायला मोकळीक मिळत नाही. सच्छिद्र स्लॅब गळायचा तो गळतोच.

पाण्याचा हिशेब, कारण सगळी ताकद तिथेच आहे

डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ साली मांडलेली गोष्ट आजही तशीच लागू आहे: माल नीट दाबून भरला असेल तर काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. पाणी वाढलं की ताकद घटते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्याहून जास्त घातलेलं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक नळ्या ठेवून जातं. कोकणात याच नळ्यांतून खारी हवा आत शिरते. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की सळईवरचा संरक्षक थर मोडतो, गंज चढतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि वरचं काँक्रीट फुटून पडतं. किनाऱ्यालगतच्या कुठल्याही गावात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या घराच्या पडवीचा बीम खालून बघा. तपकिरी रेघ, सुटलेला गिलावा आणि उघडी सळई यांपैकी काहीतरी दिसेलच.

म्हणून माझं मत ठाम आहे: किनाऱ्यावर केमिकल घ्यायचं ते मुख्यतः पाणी कमी करायला. सेटिंग लांबवणं किंवा घाई करणं ही दुय्यम कामं.

काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात परिस्थितीप्रमाणे वर्ग केले आहेत. किनारपट्टीच्या उघड्या हवेतलं सळईचं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात येतं: किमान एम ३०, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. लाटांचे तुषार थेट लागत असतील तर 'व्हेरी सिव्हिअर', म्हणजे एम ३५ आणि ५० मिमी. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या कामाला एम ४०, गुणोत्तर ०.४० आणि ७५ मिमी. गावाकडे अजूनही सर्रास 'एम २० चालतंय' म्हणतात. डोंगराआडच्या वाडीत चालत असेल, पुळणीच्या, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या, कडेला नाही. ०.४५ चं गुणोत्तर सुपरप्लॅस्टिसायझरशिवाय गाठायला गेलात तर माल इतका कोरडा होतो की फावड्याला उचलत नाही, आणि मग बिगारी पाइप सोडतो. बिगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, न वाहणारा माल भरायचा कसा?

आता एका गोणीचा हिशेब. ५० किलो सिमेंट, गुणोत्तर ०.४५, म्हणजे पाणी २२.५ लिटर. पण वाळू ओली असते. गोणीला ८० किलो वाळू जात असेल आणि तिच्यात पाच टक्के मोकळं पाणी असेल, तर ४ लिटर वाळूतूनच आलं. मिक्सरमध्ये घालायचं उरलं १८.५ लिटर. पहिल्या वळवानंतर उघड्या ढिगाची ओल याहूनही वाढते, तेव्हा ढिगावर ताडपत्री टाका आणि त्या दिवशीची ओल त्या दिवशीच मोजा. एक किलो वाळू तव्यावर भाजून पुन्हा वजन करा. फरक ५० ग्रॅमचा आला तर ओल साधारण पाच टक्के. एवढी सोपी चाचणी कोणी करत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. गोणीमागे पाच लिटर पाणी जास्त गेलं तर गुणोत्तर ०.५५ होतं, आणि ताकदीचा पाचवा-चौथा हिस्सा सहज जातो. कुठलंही केमिकल तो परत आणत नाही.

पाणी आणि वाळू आधी तपासा

वैशाखात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. सळईच्या काँक्रीटसाठी मिश्रणाच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि पीएच ६ च्या खाली नको. बाटलीभर पाणी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या. जिभेची चव हा पुरावा नव्हे, पण जिभेलाच खारट लागलं तर प्रयोगशाळेपर्यंत जायचीही गरज नाही. समुद्राचं पाणी क्युरिंगला, म्हणजे सेट झालेलं काँक्रीट ओलं ठेवायलासुद्धा नको.

पुळणीवरची वाळू कधीच नको, खाडीची वाळूही धुऊन आणि तपासूनच. सळईच्या काँक्रीटमध्ये सगळ्या वाटांनी मिळून येणारं क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या आत हवं, आणि त्यात केमिकलमधलंही धरायचं.

क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरत असाल तर तिची धूळ बघा. मुठीत आवळून हात झटका. तळव्याला चिकट, मातकट लेप राहिला तर पीसीई तिथे फसणार: चिकणमाती पीसीई पिऊन टाकते, सिमेंटपर्यंत ते पोचतच नाही, आणि माणसं मात्र 'केमिकल डुप्लिकेट निघालं' म्हणून दुकानदाराशी भांडतात. जांभ्याची तांबडी माती वाळूच्या ढिगात मिसळली तरी हाच खेळ. ढीग जमिनीवर न घालता कोबा केलेल्या जागेवर घाला.

मात्रा

केमिकलची मात्रा नेहमी सिमेंटच्या वजनाच्या टक्क्यांत असते. फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्राची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) वेगळा घालत असाल तर तेही सिमेंटमध्ये धरा. आयएस ४५६ प्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर रिटार्डर ०.५, प्लॅस्टिसायझर १ आणि सुपरप्लॅस्टिसायझर २ टक्के ही वरची हद्द. ती हद्द आहे, लक्ष्य नव्हे. पीसीई बहुतेक वेळा १ टक्क्याच्या आतच काम करतं. केमिकलच्या स्वतःच्या गुणवत्तेसाठी आयएस ९१०३ हे मानक. कॅनवर तो क्रमांक, बॅच आणि तारीख नसेल तर परत करा.

समजा मात्रा १ टक्का ठरली. ५० किलोच्या गोणीला ५०० ग्रॅम. द्रव्याची घनता १.१८ असेल तर ५०० भागिले १.१८, म्हणजे साधारण ४२४ मिलिलिटर. घनता कॅनवर किंवा माहितीपत्रकात असते. अर्धा लिटर म्हणून ५०० मिलिलिटर ओतलंत तर मात्रा १.१८ टक्के झाली. सुपरप्लॅस्टिसायझरला ते एखादवेळी खपेल, रिटार्डरला नाही. रेघा मारलेलं प्लॅस्टिकचं मापपात्र आणा आणि ते याच कामाला ठेवा.

माप धुतलेलं हवं, आणि का ते ऐका. साखर सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के, म्हणजे गोणीला २५ ग्रॅम, पाचेक चमचे, एवढीच पडली तरी सेटिंग काही तास पुढे ढकललं जातं. ०.२ टक्क्यांच्या पुढे माल जवळपास सेटच होत नाही. आपल्याकडे अमृत कोकमाचे रिकामे कॅन पाणी भरायला घरोघरी वापरतात. तळाशी राहिलेलं अर्धा वाटी सिरप एका गोणीचं नुकसान करायला पुरे. गुळाच्या पोत्यातून वाळू वाहणं हाही तोच प्रकार. जुन्या चुन्याच्या कामात गूळ आणि हिरडा घालत, ती परंपरा चुन्याची. सिमेंटला ती लावायची नाही. ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे फिरत्या ड्रममधून तयार माल आणणारी गाडी, घाटात बंद पडला तर ड्रममध्ये साखर टाकून माल मारतात तो याच कारणाने: ड्रममध्ये सगळं दगड झाल्यापेक्षा फेकून देता येईल असा माल बरा.

आधी छोटी चाचणी, मग स्लॅब

तुमचं सिमेंट, तुमची वाळू, तुमचं पाणी आणि ते केमिकल या चौघांचं जमतं का, हे कॅनवर छापलेलं नसतं. काही सिमेंट आणि लिग्नोसल्फोनेट यांचं बिनसतं आणि माल उशिराऐवजी अचानक आवळतो. स्लॅबच्या आठ-दहा दिवस आधी एका गोणीची बॅच करा. लगेच, मग अर्ध्या, एक आणि दीड तासाने स्लम्प मोजा. स्लम्पचा शंकू ३०० मिमी उंच असतो. तो उचलल्यावर माल किती बसला ते मोजायचं. सुरुवातीला १२० मिमी आणि तासाभरात ४० असेल तर तुमचा पंप अडकणार. सहा क्यूब भरा, तीन ७ दिवसांसाठी, तीन २८ साठी. घाईत २८ दिवसांचा निकाल हाती नसतो, पण ७ दिवसांचाही अंदाज देतो. उरलेला माल घमेल्यात ठेवून दर तासाला अंगठा दाबून बघा, सेटिंगची ढोबळ कल्पना येते.

पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेलं सिमेंट) किंवा स्लॅग सिमेंट वापरणार असाल, आणि खाऱ्या हवेसाठी मी तेच सुचवेन कारण त्यात क्लोराइड सहज शिरत नाही, तर ते मुळातच सावकाश सेट होतं. त्यावर पुन्हा रिटार्डर कशाला?

रिटार्डर लागतो तो लांबून येणाऱ्या मालाला. चिपळूणजवळच्या प्लांटवरून भरलेली गाडी गुहागरच्या वाडीत पोचायला दीड तास सहज खाते, त्यात रस्त्याचं काम चाललेलं. ट्रान्झिट मिक्सरने माल भरल्यापासून दोन तासांत उतरवावा असा आयएस ४९२६ चा नेम आहे, रिटार्डर असेल तर जास्त वेळ चालतो. हे प्लांटवर ऑर्डर देतानाच सांगा. गाडी दारात आल्यावर ड्रायव्हर 'पाणी मारू का' विचारेल. नाही म्हणा. स्लम्प खरंच कमी असेल तर प्लांटने दिलेलं तेच सुपरप्लॅस्टिसायझर, त्यांच्या माणसाने मोजून, आणि नंतर ड्रम किमान पाच मिनिटं जोरात फिरवून.

ॲक्सिलरेटरला किनाऱ्यावर एक अस्सल काम आहे: ओहोटीत जेटीच्या खांबाची किंवा धक्क्याच्या पायरीची दुरुस्ती. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहाएक तास मिळतात, त्यातही हाताशी येतात तीन-चार. घराच्या स्लॅबला त्याची गरज मला तरी कधी दिसलेली नाही.

मिक्सरवर

कॅन आधी हलवा, तळाशी साका बसतो. मिक्सरमध्ये खडी, वाळू, सिमेंट आणि ऐंशी टक्के पाणी घाला, माल ओला झाला की उरलेल्या पाण्यात केमिकल मिसळून घाला. कोरड्या सिमेंटवर थेट ओतलं तर ते एका जागी शोषलं जातं आणि अर्धं वाया जातं. त्यानंतर किमान दोन मिनिटं फिरवा. परिणाम लगेच दिसत नाही, विशेषतः पीसीईचा. मिस्त्री मिनिटभरात 'अजून टाका' म्हणतो, दोन मिनिटांनी माल पाण्यासारखा सुटतो आणि खडी खाली बसते.

दोन कॅन एकत्र करायचे नाहीत. नॅप्थलीन आणि पीसीई एकमेकांत मिसळले तर माल घट्टच बसू शकतो. कालच्या पिपात आजचं ओततानाही पीप धुवा.

कॉलम भरताना एक धोका लक्षात ठेवा. पातळ आणि उशिरा सेट होणारा माल शटरिंगला जास्त दाब देतो. रोजच्या मालाला धरून ठेवणारी फळी सुपरप्लॅस्टिसायझरच्या मालाला फुगते. कॉलम टप्प्याटप्प्याने भरा, क्लॅम्प जवळजवळ लावा.

सेंट्रिंग आणि क्युरिंग

'केमिकल घातलंय, टेकू लवकर काढू' हे ऐकलंत तर कान टवकारा. आयएस ४५६ चे दिवस साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आणि हवा १५ अंशांच्या खाली नसेल तेव्हाचे आहेत: बाजूच्या फळ्या १६ ते २४ तास, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, त्याच्या पुढे २१. पीपीसी, स्लॅग किंवा रिटार्डर असेल तर यात वाढ होते, घट नाही.

क्युरिंग साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसी-स्लॅगसारख्या मिश्र सिमेंटला १०. हवा गरम-कोरडी असेल तर अनुक्रमे १० आणि १४. कोकणची हवा दमट म्हणून लोक तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळतात. दुपारचा खारा वारा उघड्या स्लॅबचं पाणी झपाट्याने ओढतो. रिटार्डर घातलेला स्लॅब जास्त वेळ ओला राहतो, म्हणजे पृष्ठभागावर भेगा पडायलाही जास्त वेळ मिळतो. थापी फिरवून झाली की लगेच प्लॅस्टिक पसरा, सेट झाल्यावर कडेने वाळूचे बांध घालून पाणी साठवा.

सकाळी स्लॅब मऊ असेल तर

रिटार्डर जास्त पडला की दुसऱ्या सकाळीही अंगठा रुततो. स्लॅबवर कोणी चालायचं नाही, वरून सिमेंट शिंपडायचं नाही, ॲक्सिलरेटर तर मुळीच नाही. प्लॅस्टिक झाकून ओल टिकवा आणि वाट बघा. मात्रा फार चुकली नसेल तर एक-दोन दिवसांत माल सेट होतो आणि ताकद पुढे भरून काढतो. टेकूंचे दिवस ओतल्याच्या दिवसापासून न मोजता सेट झाल्याच्या दिवसापासून मोजा. त्याच मालाचे क्यूब भरलेले असतील तर ते तुमचे साक्षीदार. नसतील, किंवा क्यूब नापास झाले, तर इंजिनिअरकडून स्लॅबमधून कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेले काँक्रीटचे गोल नमुने, काढून घ्यावे लागतील, किमान तीन. कोअरची सरासरी ताकद त्या ग्रेडच्या क्यूबच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. त्यात बसला तर स्लॅब राहील. नाही बसला तर पुढे काय करायचं ते इंजिनिअरकडून लेखी घ्या, आणि तोवर एकही टेकू हलवू देऊ नका.